अर्ध्या पेनीचा पर्वत

न्यूझीलंडच्या टपाल खात्याने ५ एप्रिल १८९८ रोजी एक नवी तिकीटमाला विक्रीस आणली. तिच्यातले सर्वांत स्वस्त तिकीट अर्ध्या पेनीचे होते आणि सर्वांत महाग पाच शिलिंगांचे. शिलिंगाच्या बारा पेनी धरल्या तर एका महाग तिकिटाच्या किमतीत स्वस्त तिकिटे एकशेवीस येत. या दोन्ही टोकांच्या तिकिटांवर मात्र एकच पर्वत होता : न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे सर्वोच्च शिखर, माउंट कुक. गरिबाच्या पाकिटावर जो पर्वत, तोच श्रीमंत व्यापाऱ्याच्या पार्सलावर. त्या शिखराला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच नावाने ओळखणारी माणसे त्याच बेटावर राहत होती. त्यांचे म्हणणे ऐकले जायला पुढे बरोबर शंभर वर्षे जावी लागली.

टपाल तिकिटांवरची निसर्गदृश्ये हा संग्राहकांच्या जगात निरुपद्रवी विषय मानला जातो. डोंगर, तळी, धबधबे यांचे वेगळे आल्बम असतात. मुलांना छंद लावायचा तर याच विषयापासून सुरुवात करून देतात. राजे, सेनापती, क्रांत्या यांच्या तिकिटांवर वाद होतात. डोंगरावर कोण वाद घालणार? पण १८९८ ची ही माला नीट पाहिली, की सरकारी कागदावरचा डोंगर हासुद्धा एक दावा असतो हे लक्षात येते. त्याला कोणत्या नावाने हाक मारायची, तो कोणत्या बाजूने पाहायचा आणि चित्रातून कोणाला वगळायचे, हे सगळे आधी कोणीतरी ठरवलेले असते.

मालेत तेरा किमती होत्या. त्यांपैकी नऊ तिकिटांवर भूदृश्ये, तिघांवर हुइया, किवी आणि किआ-काका हे तिथले पक्षी, आणि एकावर माओरींची युद्धनौका. एक पेनीवर ताउपो सरोवर आणि त्यामागे रुआपेहू हा ज्वालामुखी पर्वत. दोन पेनीवर मिलफर्ड साउंड या समुद्राच्या खोल शिरलेल्या फाट्याकाठचे पेम्ब्रोक शिखर. अडीच पेनीवर वाकाटिपू सरोवर आणि माउंट अर्न्सलॉ. पाच पेनीवर ओटिराची घळ, दोन शिलिंगांवर पुन्हा मिलफर्ड साउंड. चार आणि नऊ पेनींवर रोटोमहाना सरोवराकाठच्या प्रसिद्ध पांढऱ्या आणि गुलाबी पायऱ्या. त्यांच्याकडे आपण थोड्या वेळाने वळू.

आजच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पण त्या काळी ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक तिकिटांवर एकच चेहरा असे, महाराणी व्हिक्टोरियाचा. न्यूझीलंडची पहिली तिकिटे १८५५ ची. तेव्हापासून त्रेचाळीस वर्षे वयाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरची महाराणीच तिथल्या पत्रांबरोबर फिरत होती. या मालेत ती कुठेच नाही. तिकिटांवर दृश्ये छापणारा हा पहिलाच देश नव्हे. अमेरिकेने कोलंबसाची माला १८९३ मध्ये काढली होती, नॉर्थ बोर्निओने प्राणी आणि नौका छापल्या होत्या. पण रोजच्या वापरातली अख्खी माला आपल्या डोंगर-सरोवरांना आणि पाखरांना देऊन टाकणे ही गोष्ट नवी होती. वर्षभराने शेजारच्या टास्मानियाने हाच कित्ता गिरवला आणि माउंट वेलिंग्टनसह आपली निसर्गदृश्ये तिकिटांवर आणली.

महाराणीला बाजूला सारून डोंगर पुढे आणण्यामागे बंडखोरी अजिबात नव्हती. हिशेब होता. या मालेच्या अगोदरचा एक प्रयोग फार बोलका आहे. १८९३ मध्ये न्यूझीलंडच्या टपाल खात्याने तिकिटांच्या मागच्या बाजूवर, डिंकाखाली, जाहिराती छापायला परवानगी दिली. साबण, कोको, औषधी गोळ्या यांच्या जाहिराती महाराणीच्या पाठीवर छापल्या गेल्या. जिभेने ओले करायच्या तिकिटावर ती शाई लोकांना रुचली नाही आणि प्रयोग गुंडाळावा लागला. पण तिकीट हे जाहिरातीचे साधन होऊ शकते, हे त्यातून स्पष्ट झाले होते. १८९५ मध्ये नव्या तिकिटांसाठी चित्रांची स्पर्धा जाहीर झाली. मागच्या बाजूची जाहिरात गेली आणि तिकिटाच्या पुढच्या बाजूवर देशाचीच जाहिरात आली.

त्या सुमारास टपाल खात्याचे मंत्री होते जोसेफ वॉर्ड. पुढे १९०१ मध्ये न्यूझीलंड सरकारने पर्यटनासाठी स्वतंत्र खाते काढले, तेव्हा ते याच वॉर्डसाहेबांकडे होते. सरकारी पर्यटन खाते ही कल्पनाच तेव्हा जगात नवी होती. माउंट कुकच्या पायथ्याचे ‘हर्मिटेज’ हे खासगी हॉटेल बुडीत गेल्यावर सरकारने १८९५ मध्येच ताब्यात घेतले होते. स्पर्धा, हॉटेल, तिकिटे आणि खाते या चार गोष्टी सात वर्षांच्या आतल्या आहेत. लंडनमधल्या एखाद्या घरी न्यूझीलंडहून पत्र आले, तर पाकीट फोडण्याआधीच त्या घराला बर्फाचे शिखर दिसावे आणि तिथे जावेसे वाटावे, असा हा बेत होता. मालेतली मिलफर्डची, ओटिराची, रोटोमहानाची ठिकाणे पाहिली तर ती प्रवासी कंपनीच्या पत्रकातली यादीच वाटते.

ही चित्रे न्यूझीलंडमध्ये तयार झाली, पण त्यांचे पत्रे कोरले गेले लंडनमध्ये, वॉटरलो अँड सन्स या छापखान्यात. कोरीव पत्र्यावरून केलेली ती छपाई आजही डोळ्यांना सुखावते. बर्फाची छाया नुसत्या रेषांनी दाखवलेली, पाण्यावरची लहर केसाइतक्या बारीक ओरखड्यांनी उमटवलेली. पण अडीच पेनीच्या तिकिटावर सरोवराचे नाव ‘वाकिटिपू’ असे कोरले गेले. योग्य नाव वाकाटिपू. चूक ध्यानात येऊन काही आठवड्यांत दुरुस्त तिकीट निघाले आणि चुकीचे तिकीट संग्राहकांचे लाडके झाले. आपण हौशी लोक अशा चुका मोठ्या प्रेमाने जमवतो. पण जरा थांबून पाहावे : आपली ओळख म्हणून जे नाव जगभर पाठवायचे, ते पत्र्यावर कोरले जाऊन, छापले जाऊन, समुद्र ओलांडून परत येईपर्यंत कोणी मोठ्याने वाचलेही नसावे. चित्र हवे होते. त्याखालचे नाव चित्राच्या चौकटीइतकेच महत्त्वाचे होते.

आता त्या पायऱ्यांकडे वळू. उत्तर बेटावर रोटोमहाना सरोवराकाठी गरम झऱ्यांचे पाणी डोंगरउतारावरून वाहत असे. त्यातली सिलिका थरावर थर साचून उतारावर प्रचंड पायऱ्या आणि त्यांत कोमट पाण्याची कुंडे तयार झाली होती. एका काठावरच्या पायऱ्या पांढऱ्या, दुसऱ्या काठावरच्या गुलाबी. माओरी भाषेत पांढऱ्या पायऱ्यांना ते तराता आणि गुलाबी पायऱ्यांना ओतुकापुआरांगी म्हणत. युरोपातून महिनोन्‌महिने जहाजाचा प्रवास करून लोक त्या पाहायला येत. १८७० मध्ये महाराणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ एडिनबरो येऊन गेले. जवळचे ते वायरोआ हे गाव तुहोउरांगी या माओरी समाजाचे. पाहुण्यांना नावेतून नेणे, वाट दाखवणे, चित्रे काढू देण्याचे शुल्क घेणे हा सगळा व्यवहार त्यांच्या हाती होता. तो इतका चांगला चाले, की त्यांच्या हिनेमिही या कोरीव सभागृहातल्या मूर्तींना डोळे म्हणून शिंपल्याऐवजी सोन्याची नाणी बसवली होती.

१० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा पर्वताचा उद्रेक झाला. सरोवराचा तळ फुटला, दोन्ही पायऱ्या दिसेनाशा झाल्या, ते वायरोआ राखेखाली आणि चिखलाखाली गाडले गेले. सुमारे एकशेवीस माणसे दगावली. बहुतेक सगळी माओरी. वाटाड्या सोफिया हिनेरांगी यांच्या पक्क्या बांधणीच्या घरात आणि हिनेमिही सभागृहात शिरलेले लोक वाचले. उरलेल्यांना गाव सोडावे लागले. घर, जमीन आणि उपजीविका एका रात्रीत गेली. हिनेमिही पुढे १८९२ मध्ये गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यांनी विकत घेतले आणि सुटे करून इंग्लंडमधल्या आपल्या इस्टेटीवर नेऊन उभे केले.

तिकिटे निघाली १८९८ मध्ये. म्हणजे चार आणि नऊ पेनींवर छापलेले दृश्य बारा वर्षांपूर्वीच नाहीसे झाले होते. हे सगळ्या न्यूझीलंडला ठाऊक होते. उद्रेकाची बातमी जगभर गेली होती. तरीही त्या पायऱ्या मालेत घेतल्या गेल्या. त्यात हळहळ असेल, अभिमानही असेल. तिकिटावर मात्र त्यांचा काही मागमूस नाही. ‘होत्या’ असे कुठे लिहिलेले नाही. वर शाईची गंमत अशी, की पांढऱ्या पायऱ्या छापल्या गुलाबी शाईत आणि गुलाबी पायऱ्या जांभळ्या. जागतिक टपाल संघाने परदेशी टपालाच्या ठरावीक दरांसाठी हिरवा, लाल आणि निळा असे रंग ठरवून दिले. त्यानुसार १९०० मध्ये अदलाबदल झाली : माउंट कुकचे अर्ध्या पेनीचे तिकीट हिरवे झाले, ताउपो सरोवर चार पेनीवर गेले आणि पांढऱ्या पायऱ्या लालभडक होऊन एक पेनीवर आल्या. जे उरलेच नव्हते ते आणखी स्वस्त होऊन आणखी पाकिटांवर चिकटले. तिकीट काय दाखवते याला जसे महत्त्व आहे, तसेच ते कोणते वर्ष लपवते यालाही आहे.

एक पेनीवर ताउपो सरोवरामागे दिसणाऱ्या रुआपेहूची हकिगत वेगळी आहे. रुआपेहू, न्गाउरुहोए आणि टोंगारिरो ही तीन शिखरे न्गाती तुफारेतोआ या समाजाला पवित्र. जमिनीच्या वाटण्या करणारे सरकारी न्यायालय ती तुकड्यातुकड्यांनी लोकांच्या हाती देईल आणि ती विकली जातील, अशी धास्ती होती. म्हणून प्रमुख होरोनुकु ते हेउहेउ तुकिनो यांनी २३ सप्टेंबर १८८७ रोजी ती राजसत्तेच्या स्वाधीन केली. त्यातूनच १८९४ मध्ये टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानाचा कायदा झाला. बराच काळ शाळेच्या पुस्तकांत याला ‘भेट’ म्हटले गेले. माओरींच्या हक्कांचे दावे ऐकणाऱ्या वाइटांगी न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये मांडले, की ते हेउहेउंच्या मनात होती ती भागीदारी : शिखरांचे रक्षण दोघांनी मिळून करावे, ही. तिकिटावर हा पर्वत सरोवराची मागची कड भरून काढणारा पडदा आहे. ज्यांनी तो स्वाधीन केला, त्यांच्यासाठी तो पूर्वज होता.

माओरी माणसे या मालेत अगदीच नाहीत असे नाही. आठ पेनीच्या तिकिटावर ती युद्धनौकेत बसलेली दिसतात. पण डोंगरांच्या आणि सरोवरांच्या चित्रांत ती नाहीत. म्हणजे नौका एका तिकिटावर आणि भूमी दुसऱ्यावर. मधला संबंध तोडलेला. सरकारी दृष्टीने हे सोयीचे होते. रिकाम्या दिसणाऱ्या भूमीवर वाद उरत नाही. आपल्याकडे ‘दुरून डोंगर साजरे’ म्हणतो तेव्हा जवळ गेल्यावर खाचखळगे दिसतात असा अर्थ असतो. तिथे जवळ गेले की माणसे दिसली असती.

सर्वांत जवळून पाहायला हवे ते मालेच्या दोन्ही टोकांना असलेल्या शिखराकडे. दक्षिण बेटावरच्या न्गाइ ताहू समाजाच्या कथेत आओराकी हा आकाशपित्याचा मुलगा. तो भावांसह होडीतून सागरसफरीला निघाला. परतीची वेळ आली तेव्हा मंत्र चुकला, होडी खडकावर आपटून कलंडली. भाऊ उंच बाजूला चढून बसले आणि तिथेच दगड झाले. ती होडी म्हणजे दक्षिण बेट, भाऊ म्हणजे पर्वतरांग आणि सर्वांत उंच तो आओराकी. म्हणून शिखर हे त्या समाजाचे मूळपुरुषाचे स्थान. उत्तर बेटाच्या बोलीत ‘क’च्या जागी येणाऱ्या उच्चारामुळे त्याचे ‘आओरांगी’ होते. जुन्या तिकीटसूचींत हेच उत्तरेकडचे रूप दिसते. प्रवासी पुस्तकांनी त्याचा ‘ढगांना भेदणारा’ असा अर्थ लावून दिला. तो ऐकायला छान आहे, पण पूर्वजाच्या नावाचे त्यातून विशेषण झाले.

‘माउंट कुक’ हे नाव १८५१ मध्ये सागरी पाहणी करणारे कॅप्टन जॉन लॉर्ट स्टोक्स यांनी दिले. ज्यांच्या नावावरून ते दिले, त्या जेम्स कुक यांना आपल्या सफरीत हे शिखर दिसले नव्हते. नाव पडण्याच्या तीनच वर्षे आधी, १८४८ मध्ये, न्गाइ ताहूंकडून सव्वा कोटी एकरांहून अधिक जमीन दोन हजार पौंडांना लिहून घेण्यात आली होती. त्यांना पुरेशी राखीव जमीन दिली जाईल, अन्न गोळा करायच्या जागा त्यांच्याच राहतील, अशी आश्वासने होती. ती पाळली गेली नाहीत. पुढच्याच वर्षी, १८४९ मध्ये, मतिआहा तिरामोरेहू यांनी सरकारकडे लेखी तक्रार केली. तेव्हापासून ती तक्रार पिढी दर पिढी चालत राहिली. म्हणजे १८९८ मध्ये अर्ध्या पेनीवर शिखर छापले गेले तेव्हा त्याखालच्या जमिनीचा दावा जवळजवळ पन्नास वर्षे जुना होता. शिखरावर पहिली चढाई होऊनही चार वर्षे झाली नव्हती : १८९४ च्या नाताळच्या दिवशी टॉम फाइफ, जॉर्ज ग्रॅहॅम आणि जॅक क्लार्क हे तिघे स्थानिक तरुण वर पोहोचले. युरोपातून फिट्झजेराल्ड नावाचा नामांकित गिर्यारोहक स्विस वाटाड्याला घेऊन येतो आहे, तर पहिला मान आपल्याकडेच राहावा, ही ईर्षा त्यामागे होती. तिकिटाच्या चित्राला या ताज्या विजयाचीही झळाळी होती.

शंभर वर्षांनी, १९९८ मध्ये, न्यूझीलंडच्या टपाल खात्याने या मालेची शताब्दी साजरी करून जुनी चित्रे नव्या तिकिटांवर पुन्हा आणली. त्याच वर्षी तिथल्या संसदेने न्गाइ ताहूंच्या दाव्यांच्या निवाड्याचा कायदा केला. सरकारने माफी मागितली, भरपाई दिली आणि शिखराचे अधिकृत नाव ‘आओराकी/माउंट कुक’ झाले. त्यात माओरी नाव आधी आहे. शिखराची मालकी न्गाइ ताहूंकडे परत द्यावी आणि त्यांनी सात दिवसांत ते राष्ट्राला भेट द्यावे, अशी तरतूदही त्या कायद्यात आहे. सात दिवसांसाठी मालकी कशाला, असे हिशेबी माणूस विचारील. पण जे आपले मानलेच गेले नाही ते दान कसे देणार? आधी ‘हे तुमचे होते’ एवढे कबूल करावे लागते.

आपल्या वाचकाला यातला एक धागा ओळखीचा वाटेल. आओराकीच्या उतारांवर तयार झालेला एडमंड हिलरी १९५३ मध्ये तेनझिंगसह एव्हरेस्टवर पोहोचला आणि त्या वर्षी २ ऑक्टोबरला भारतीय टपाल खात्याने दोन आण्यांचे आणि चौदा आण्यांचे अशी एव्हरेस्टविजयाची दोन तिकिटे काढली. स्वतंत्र होऊन सहाच वर्षे झालेल्या देशाने शिखराला जे नाव दिले, ते एका इंग्रज सर्व्हेअर जनरलचे होते. १८५६ मध्ये अँड्र्यू वॉ यांनी ते सुचवले तेव्हा खुद्द जॉर्ज एव्हरेस्ट यांनीच हरकत घेतली होती, की हे नाव हिंदुस्थानातल्या लोकांना नीट लिहिता-उच्चारता येणार नाही. तिबेटी लोकांचे चोमोलुंग्मा हे नाव होतेच. उंचीचे गणित मांडणाऱ्यांत अग्रणी असलेले राधानाथ सिकदार आपल्या तिकिटावर आले ते २००४ मध्ये. तेव्हा न्यूझीलंडच्या त्या अर्ध्या पेनीकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहण्याचे कारण नाही.

आओराकीचेही चित्र तेच राहिलेले नाही. १४ डिसेंबर १९९१ रोजी शिखराचा मोठा भाग कोसळला. आधी ३,७६४ मीटर मानली जाणारी उंची दहा मीटरने कमी झाली. नंतरच्या काटेकोर मोजणीत, २०१४ मध्ये, ती ३,७२४ मीटर भरली. अर्ध्या पेनीवरचा माथा आता नाही, जसा मालेतला हुइया पक्षीही नाही. त्याचे शेवटचे खात्रीलायक दर्शन १९०७ चे. नाव मात्र, जे तिकिट काढणाऱ्यांना बदलता येईल असे वाटले होते, ते परतले. आज शिखरावर चढणाऱ्यांना तिथले संवर्धन खाते विनंती करते, की अगदी माथ्यावर पाय देऊ नये. पूर्वजाच्या डोक्यावर उभे राहू नये. पुष्कळ गिर्यारोहक ती मानतात. एवढे कष्ट करून ते शेवटच्या काही पावलांआधी थांबतात, आणि तिथूनच उतरू लागतात.